दोन ढिगांची सरासरी

"नवा गोऱ्हा औताला कसा धरतात रे?" मोठ्या गुरुजींनी विचारलं.

आम्ही सातवीची मुलं एकमेकांकडे बघायला लागलो. तास गणिताचा, आणि प्रश्न बैलांचा. पण बहुतेक सगळी शेतकऱ्यांची पोरं. उत्तर यायला कितीसा वेळ?

"जुन्या बैलासंगं जुपून!" मागून दोन-तीन आवाज एकदम आले.

"शाबास. जुना बैल वाट दाखवतो, नवा त्याच्या चालीनं चालायला शिकतो. या वर्षी आपल्या शाळेत तसंच करायचं."

पोखरकर गुरुजी आमचे मुख्याध्यापक. अख्खं गाव त्यांना मोठे गुरुजी म्हणायचं. ते फळ्याकडे वळले आणि दोन दोन नावं लिहू लागले. एक हुशार, एक कच्चा. दोघांनी एका बसकरपट्टीवर बसायचं, एकत्र अभ्यास करायचा. परीक्षेत दोघांचे गुण एकत्र करायचे, त्याचे दोन सारखे भाग करायचे, आणि तेच दोघांचे गुण.

"म्हणजे हुशारानं कच्च्याला सोडून पळायचं नाही," गुरुजी म्हणाले. "आणि कच्च्यानं घरी दडी मारायची नाही. जोडीतला एक गैरहजर राहिला तर त्याचं शून्य धरून सरासरी काढणार. सबब चालणार नाही."

माझं नाव पहिलंच होतं. शालन गुंजाळ. त्याच्यापुढे खडूनं एक आडवी रेघ ओढून त्यांनी लिहिलं, कौतिका खेमनर.

वर्ग फिस्सकन हसला. बबन्या ओरडला, "गुरुजी, ही बैलाची आन मेंढराची जोडी झाली!"

कौतिका दाराजवळ, पायताणांच्या शेजारी बसायची. ती जागची हललीसुद्धा नाही. तिथूनच म्हणाली, "मेंढरू लोकर तरी देतं बबन्या. तू काय देतो?"

या वेळी गुरुजीही हसले. मला मात्र हसू आलं नाही.

संध्याकाळी मी आबांना सांगितलं. ते गोठ्यात बैलांना कडबा टाकत होते. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

"गुरुजींनी औत धरल्यालं दिसत न्हाई कधी," ते म्हणाले. "आगं, जोडीतला एक बैल मटकन खाली बसला की दुसऱ्याच्या मानंला घट्टा पडतो. त्यो उभा बी राहू शकत न्हाई आन बसू बी शकत न्हाई."

आई चुलीपासून म्हणाली, "मग जागेचं काय व्हायचं?"

जागा म्हणजे तालुक्याच्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहातली जागा. आमची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढं शिकायचं तर तालुका, आणि पठारावरून तिथं रोज जाणं-येणं होण्यासारखं नव्हतं. वसतिगृहात प्रत्येक शाळेमागे एकाच मुलीला घ्यायचे, आणि शिफारस मोठ्या गुरुजींची. ती पहिल्या आलेल्या मुलीला मिळायची. माझी तायडी दोन गुणांनी मागे पडली होती आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं होतं. आबांनी मला वर्षाच्या सुरुवातीलाच बजावलं होतं, "जागा मिळाली तर शीक, मी आडवा येणार न्हाई. न्हाई मिळाली तर मातुर मला काय म्हनू नको."

ते कठोर नव्हते. पठारावर सगळ्याच बापांचं तसं होतं.

कौतिका धनगराची. तिची माणसं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली देशावर उतरायची, ती पार मृगाच्या तोंडावर परत यायची. तिच्या वयाची सगळी पोरं त्यांच्याबरोबर जायची. कौतिका तेवढी गावात राहायची, पायानं अधू असलेल्या भागाकाकूजवळ, तिच्या चुलतीजवळ. बाप दर वर्षी न्यायला यायचा आणि दर वर्षी ती खांबाला मिठी मारून बसायची.

"तुला अभ्यास तर येत नाही," मी तिला एकदा विचारलं होतं, "मग शाळेचं एवढं काय?"

"हजेरी," ती म्हणाली.

"हजेरी?"

"मेंढरांच्या वाड्यावर मला कुनी नावानं हाक मारत न्हाई शाले. ये पोरी, पानी आन. ये पोरी, कोकरू धर. हितं गुरुजी रोज सकाळी समदं नाव घेत्यात. कौतिका सोपान खेमनर." तिनं ते गुरुजींच्या आवाजात, लांबवून म्हटलं. "मग मी हजर म्हंती. मला लई ग्वाड वाटतं."

खरंच, हजेरीच्या वेळी तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत यायचा. बाकी दिवसभर ती गप्प.

आम्ही देवळामागच्या ओट्यावर अभ्यासाला बसायचो. मराठी तिला जमायचं. कविता तर एकदा ऐकली की तिच्या गळ्यात बसायची. भागाकाकू जात्यावर बसली की ओव्या गायची आणि ही तिच्या मांडीला मांडी लावून पुढची ओळ जुळवायची. तसंच ती शाळेवरही जुळवायची.

शाळंच्या दारामंदी, फळा काळा गं कुळकुळीत
माझ्या गं नावाम्होरं, शून्य बसलं गुळगुळीत

मला हसता हसता ठसका लागायचा. मग आठवायचं की ते शून्य अर्धं माझंही आहे, आणि हसू विरून जायचं.

घोडं अडायचं ते सरासरीवर. सातवीच्या गणितात सरासरीला मोठा वाटा होता. मी ओढ्यातले खडे आणले, आणि ओट्यावर दोन ढीग केले. एक मोठा, एक लहान.

"हे बघ. हा माझा, हा तुझा. आता दोन्ही सारखे कर. मोठ्यातले उचल, लहानात टाक."

कौतिका खड्यांकडे बघत राहिली. हात पुढं करायची आणि मागं घ्यायची.

"उचल की."

"तुझ्यातलं का म्हनून उचलायचं?"

"अगं, सरासरी म्हणजे तेच. वाटून सारखं करायचं."

"माझं लहान हाय तर हाय. तुझं तू मिळवलं ना? मी कशाला घेऊ?"

"गणित आहे ते, कौतिके! खरे खडे आहेत का माझे?"

"मग खोटं तरी कशापायी घ्यायचं?" ती म्हणाली आणि हात मांडीखाली घालून बसली.

मी तिला ढब्बी म्हटलं, मेंढरू म्हटलं. ती ऐकून घ्यायची आणि थोड्या वेळानं माझी वेणी नीट करून द्यायची. आता मीही शाळेत गणित शिकवते. सरासरी आली की खडे तेवढे घेत नाही.

सहामाही झाली. माझे गुण वर्गात सगळ्यांत जास्त आणि आमची जोडी मात्र खालून दुसरी. भिंतीवर गुरुजींनी जोड्यांचा तक्ता लावला होता. सगळ्यांत वर रेखा कानवडे आणि अलका. रेखाचे गुण माझ्याहून बरेच कमी होते, पण अलका बऱ्यापैकी होती. जोडी सारखी चालत होती, गुरुजींना हवी तशी.

मी तक्त्यासमोर उभी होते. रेखा शेजारून जाताना म्हणाली, "शाले, वसतिगृहाला पेटी लागती. तुझ्या आबांनी घेतल्याली पेटी मला इकत दे. तुला काय आता रुखवतालाच ठेवायची."

ती वाईट नव्हती, तिला नुसती मजा करायची होती. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कौतिकानं पाहिलं. दारात, पायताणांच्या शेजारी ती उभी होती. त्या दिवशी तिनं एकही ओवी जुळवली नाही.

त्यानंतर तिनं जिवापाड अभ्यास केला. भागाकाकू सांगायची, पोरगी झोपेत पाढे बडबडते. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी चाचणी झाली तेव्हाही आमची जोडी होती तिथंच. तिच्या उत्तरपत्रिकेत सरासरीचा प्रश्न कोराच होता.

वार्षिक परीक्षा तोंडावर आली. देवळामागं मी खडे मांडून बसले होते. शिकवायचं त्राण उरलं नव्हतं, नुसती बसले होते. कौतिका बराच वेळ त्या दोन ढिगांकडे बघत होती. मग तिनं आपला लहान ढीग दोन्ही ओंजळीत उचलला आणि परकरात टाकला.

"आता?" ती म्हणाली.

"आता काय?"

"आता तुझी सरासरी किती?"

"आता तुझं शून्य धरायचं, माझ्यात मिळवायचं आणि दोनानं भागायचं. आणखी वाईट."

"पर शून्य कशापायी धरायचं?" तिच्या कपाळाला आठी पडली. "ढीग हाय आन त्यात खडंच न्हाईत, तर शून्य. हितं ढीगच न्हाई. मग दोनानं कशाला भागायचं?"

"कारण तसा नियम आहे. एक गैरहजर राहिला तर शून्य. गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

"गैरहजर राह्यला तर," ती हळूच म्हणाली.

मग उठली, परकर झटकला. खडे ओट्यावरून घरंगळत गेले.

चार दिवसांनी माझ्या शेजारची पट्टी रिकामी दिसली. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी भागाकाकूकडे धावत गेले. ती दारात सूप घेऊन बसली होती.

"बापासंगं गेली वाड्यावर," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता दाणे पाखडत राहिली.

"परीक्षा आहे काकू!"

"मला काय कळतंय त्यातलं बाई."

मी घरी येऊन हंबरडा फोडला. आबांनी सायकल काढली, मला पुढच्या दांडीवर बसवलं, आणि आम्ही घाट उतरून देशावर आलो. विचारत विचारत गेलो. नदीकाठच्या एका कापल्या शेतात मेंढरं बसवली होती. जाळीच्या आत मेंढरं, बाहेर घोडं, तीन दगडांची चूल. कौतिका चुलीजवळ बसली होती, मांडीवर नुकतं जन्मलेलं कोकरू. मला बघून तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच मिटला.

आबा तिच्या बापाला म्हणाले, "सोपान, पोरीची परीक्षा हाय. तेवढी होऊ दे. मी सवता आनून सोडतो."

"मी कुठं आडवलंय दादा?" सोपानकाका म्हणाले. "दर साली मीच मागं लागायचो, ही यायची न्हाई. अवंदा हिनंच सांगावा धाडला, न्यायला ये म्हनून. हिच्या आईचं बाळतपण जवळ आलंय, मला बरंच झालं."

मी कौतिकाकडे बघितलं. "तू बोलावलंस?"

तिनं मान हलवली.

"का?"

"मला गणित येत न्हाई."

"नको येऊ दे! नुसती येऊन बस. शून्यापेक्षा काहीतरी पडेल. कौतिके, माझी जागा जाईल गं. तुला माहीत आहे ना, काय होईल?"

"न्हाई पडायचं शून्य," ती म्हणाली.

"कसं नाही पडायचं? नियम आहे!"

"तू जा शाले. पेपर लिव्ह. समदा लिव्ह, काय सोडू नको."

तिनं कोकराच्या कानामागं बोट फिरवायला सुरुवात केली. मी तिचा हात धरून ओढला. ती आली नाही. वर्षानुवर्षं खांबाला मिठी मारून बसलेली ती पोरगी, त्या दिवशी मातीलाच चिकटून बसली होती.

"चल पोरी," आबा मला म्हणाले. "खडकावर पेरून काय उगवायचं?"

तेवढ्यात पलीकडून सोपानकाकांची हाक आली, "ये पोरी, कोकरू सोड आन पानी आन."

ती लगेच उठली. घागर कमरेला लावून नदीकडे चालू लागली. घाट चढताना आबा सायकल हातात धरून चालत होते, मी मागून. मी एकदाही वळून पाहिलं नाही.

परीक्षेच्या सकाळी गुरुजींनी हजेरी घेतली. मी मान खाली घालून वाट बघत होते, की आता ते तिचं नाव घेतील आणि कोणी उत्तर देणार नाही, आणि सगळे माझ्याकडे बघतील. पण तिचं नाव आलंच नाही. तिच्या आधीचं आलं, तिच्या नंतरचं आलं. मला वाटलं, गुरुजींना माहीत आहे ती नाही, म्हणून गाळलं असेल. मला जरा बरंच वाटलं.

मी पेपर लिहिले. सगळे लिहिले. शेजारच्या अर्ध्या पट्टीवर ऊन येऊन बसायचं आणि दुपार झाली की उठून जायचं.

निकालाच्या दिवशी गुरुजी तक्त्यासमोर उभे राहिले. चेहरा ओढलेला होता.

"पहिली, शालन गुंजाळ," ते म्हणाले. "वसतिगृहासाठी तिची शिफारस जाईल."

वर्गात टाळ्या वाजल्या. रेखा रडत होती.

मुलं पांगल्यावर मी गुरुजींच्या खोलीत गेले.

"गुरुजी, काहीतरी चुकलंय. कौतिका गैरहजर होती. तिचं शून्य धरायचं राहिलं."

गुरुजी टेबलावरच्या खडूच्या तुकड्यांकडे बघत होते.

"गैरहजर नव्हती," ते म्हणाले. "पटावरच नव्हती."

मला कळलं नाही.

"पटावर नाव असून आला नाही, तो गैरहजर. नावच नसेल तर जोडी उरत नाही. मग एकट्याचे गुण एकट्याला. हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. तिनं येऊन विचारलं."

"कधी?"

"जायच्या आदल्या दिवशी. मधल्या सुट्टीत आली, दारात उभी राहिली. म्हणाली, गुरुजी, पटावरनं नाव काढलं तर ढीगच राहत न्हाई ना? मला आधी समजेचना. समजलं तेव्हा मी म्हणालो, हो, राहत नाही. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच बापाला घेऊन आली. बाप म्हणत होता, नुसती सुट्टी द्या. ही म्हणाली, न्हाई, नाव काढा. परीक्षेच्या आधी काढा."

"आणि तुम्ही काढलंत?"

"बापानं मागितलं की नियमानं काढावंच लागतं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी खोडलं." गुरुजींचा आवाज खाली गेला. "मी तिला विचारलं, पोरी, तुला सरासरी येत नाही ना? म्हणाली, न्हाई गुरुजी, शालीच्या ढिगातलं मला उचलवत न्हाई."

बाहेर कोणीतरी घंटेवर खडा मारला आणि पळालं.

"तुला सांगू नका म्हणाली. शाली नियमाला भिती, पर हे कळलं तर मला परत आणायला यील, म्हणाली."

मी गेले होते. आणायलाच गेले होते.

त्याच आठवड्यात शाळा तपासायला साहेब आले. सातवीची सरासरी मागच्या कुठल्याही वर्षापेक्षा चांगली निघाली होती. सगळ्यांत कच्चं नाव पटावरून गेलेलं, मग ती वाढायचीच. साहेबांनी जोडीच्या नियमाचं तोंड भरून कौतुक केलं. तालुक्यातल्या इतर शाळांनीही हा प्रयोग करावा, असा शेरा दिला. गुरुजींनी तो प्रार्थनेनंतर सगळ्यांना वाचून दाखवला. वाचताना मध्येच त्यांना खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. पुढच्या वर्षी सातवीच्या फळ्यावर पुन्हा दोन दोन नावं लिहिली गेली.

मेंढरं परत आली तेव्हा माझी निघायची तयारी झाली होती. मी वाटेवर जाऊन उभी राहिले. घोडं गेलं, कुत्री गेली, सोपानकाका गेले, पाठीला तान्हं बांधून कौतिकाची आई गेली. मेंढरांच्या मागं हाकायला एक लहान पोरगी होती, ती कौतिका नव्हती. मी हाक मारली, पण कोणी थांबलं नाही.

एसटी वडाखाली थांबायची. आबांनी पेटी टपावर चढवली. तेवढ्यात भागाकाकू काठी टेकत टेकत येताना दिसली. इतक्या लांब ती कधी चालत नसे.

"कौतिका कुठाय काकू?"

"दिली," ती म्हणाली. "आईचं बाळतपण झालं आन दिली. वाटंतच स्थळ आलं. वाड्यावर आली म्हंजी मोठी झाली, असं समजत्यात आमच्यात. शाळंत व्हती तवर कुनी इचारत नव्हतं."

"कुठल्या गावी दिली?"

भागाकाकू हसली, पण ते हसू नव्हतं. "आमाला गाव कुठलं बाई? मेंढरं थांबतील ते गाव. तिकडं कोकणात उतरणाऱ्यांच्यात दिली. आता कवा गाठ पडंल, देव जाणे."

तिनं काठी वडाला टेकवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुला सांगावा दिलाय तिनं. मला म्हनली, शाली निघंल तवाच सांग, आधी नको."

आणि तिनं तिथंच, एसटीच्या घुरघुरीत, जात्यावर म्हणावी तशी संथ ओवी म्हटली.

दोन ढिगांचं गणित, सारखं करूनी घ्यायाचं
माझं मी उचलिलं, तुझं तुला गं न्यायाचं

कंडक्टरनं दोरी ओढली. मी कशी चढले, मला आठवत नाही. खिडकीशी बसले तेव्हा मुठीत भागाकाकूच्या पदराचा एक दोरा राहिला होता.

आबा खालून कंडक्टरला सांगत होते, "तालुक्याच्या स्टँडवर उतरवा. वसतिगृहाच्या बाई न्यायला येणार हाईत."

"एकटीच हाय व्हय?" कंडक्टरनं विचारलं.

"एकटीच," आबा म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला होता. "पैली आलीया."